साडेचार किलोंचा डबा

मी, श्रीमती सुहासिनी श्याम खांबेटे, वय ७२, सेवानिवृत्त गणित शिक्षिका, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हृदय तेवढं नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. जो आणू शकला असता, त्याला आज घराबाहेर पाठवलं आहे.

१. राहती सदनिका मी माझ्या पगारातून घेतली. ती माझी नात वल्लरी हिला द्यावी. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला मुलगा अवधूत, याने तिथे राहायचं असल्यास मुलीची परवानगी घ्यावी.

२. माझ्या कपाटातला सीलबंद डबा वारजे येथील पूर्वा संपत गायकवाड हिला द्यावा. याचं कारण लिहिणं भाग आहे.

माझा धाकटा अनिरुद्ध आणि पूर्वाचा नवरा संपत एका खासगी कंपनीच्या बोगद्यावर कामाला होते, दूर ईशान्येच्या डोंगरात. तिथे रस्ता नाही, कामगारांना हेलिकॉप्टरने नेत. दिवाळीची सुट्टी संपवून दोघं परतले आणि ३ नोव्हेंबर २०२२ रोजी ते हेलिकॉप्टर पडलं. पायलट आणि सहा कामगार, कोणी वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याचा फोन आला. फार अदबीने बोलला. घरून काही जास्तीचं सामान दिलं होतं का, असं विचारलं. मी सांगितलं, फराळाचा डबा दिला होता, साडेचार किलो. वाण्याच्या काट्यावर तोलला होता, हेही सांगितलं. कोणी विचारलं होतं? पण जन्मभर गणित शिकवलेली बाई, आकडा चुकायला नको! अहवालात छापून आलं की कामगारांनी लपवून जादा सामान नेल्यामुळे भार वाढला, आणि एका कामगाराच्या आईने तसं मान्यही केलं आहे. यंत्राबद्दल आणि हवेबद्दल दीड ओळ.

कंपनीच्या बैठकीत पूर्वाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "काकू, तुमच्या लाडवांनी माझा नवरा नेला ना?" मी हो म्हटलं. मला तरी दुसरं काय माहीत होतं? त्यानंतर या घरात बेसन आलेलं नाही.

गेल्या महिन्यात माळा आवरताना जुन्या गादीमागे तोच डबा सापडला. न उघडलेला. त्यावर हेलिपॅडच्या गोदामाची पावती चिकटवलेली: वजन जास्त, सहाही जणांचं जादा सामान उतरवून ठेवलं, ३ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजून १० मिनिटं. खाली कंपनीचा शिक्का. उड्डाण आठचं होतं. शेजारी कुरिअरची चिठ्ठी: डबा त्याच वर्षी डिसेंबरात घरी पोचला, आणि घेतल्याची सही अवधूतची. तो त्याच कंपनीच्या खराडीच्या ऑफिसात नोकरीला आहे.

मी विचारलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, "आई, अनिरुद्ध परत येणार होता का? माझी नोकरी मात्र गेली असती." मग ताक मागितलं.

तीन वर्षं मी पोटच्या पोराला मारलं असं समजत होते, आणि हा समोर बसून मन घट्ट कर म्हणत होता. कंपनीला मी एक वेळ विसरेन. याला नाही.

कामगारांच्या घरच्यांनी कंपनीवर भरपाईचा दावा लावला आहे, त्याची ८ जानेवारीला कोर्टात तारीख आहे. जगले तर डबा मीच नेईन, नाहीतर पूर्वाने न्यावा. सील न्यायाधीशांसमोरच तोडावं.

३. अवधूतला काहीही देऊ नये. आई असून असं कसं केलं, असं लोक म्हणतील. खुशाल म्हणोत.

४. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. अवधूत पेन काढून तयार होता. त्याला मी नको म्हटलं आणि पूर्वाला बोलावलं. तीन वर्षांत तिने माझं तोंड पाहिलं नव्हतं, तरी दोन बस बदलून आली. घरी तिला पावती वाचायला दिली. ती वाचून ती माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली. सही करताना तिने विचारलं, "काकू, नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, दोघींची माणसं एकाच हेलिकॉप्टरमध्ये होती."

कारकुनाने असं चालत नाही म्हणून कटकट केली. तिने तेच लिहिलं.

सही: सुहासिनी श्याम खांबेटे

बाईंनी हा मजकूर आम्हाला वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार:
१. डॉ. सलिल परचुरे
२. आनंदी सुदर्शन वाघोले, शेजारी

स्थळ: पुणे
दिनांक: १२ डिसेंबर २०२५