विहिरीचे अठरा दिवस

तीर्थस्वरूप दादा यांच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील आणि घरात सध्या एकच मोकळं असतं.) पत्रात मोठ्या भावाला तुम्ही म्हणावं हे मला माहीत आहे, पण सदुसष्ट वर्षं तुला तू म्हणत आलोय. आता एकदम तुम्ही म्हटलं तर हा काहीतरी मागायला आलाय असं तुला वाटेल. तसं अजिबात काही नाही. तुझे डोळे कसे आहेत? थेंब वेळेवर घालतोस की वहिनींनी बाटली हातात दिल्यावर नुसती हलवून ठेवून देतोस? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे हिची पाठ आणि माझा स्वभाव सोडला तर सगळं ठीक आहे.

तर पत्रास कारण तुझी रजिस्टरं. पंपघरातल्या नोकरीतून निवृत्त होऊन तू गाव सोडलंस तेव्हा एकतीस रजिस्टरांची ट्रंक माझ्या हवाली करून फक्त 'सांभाळ' एवढंच म्हणाला होतास. मी ती सांभाळली. (एक रजिस्टर अकरा वर्षं कपाटाच्या आखूड पायाखाली होतं, पण तेही सांभाळणंच झालं, आणि कपाट एकदाही हललं नाही.) गेल्या वर्षी सूनबाई माळ्यावर पंखा शोधायला चढली आणि दोन तास खाली उतरलीच नाही. मी शिडीखालून डोकावलं तर ती धुळीत मांडी घालून तुझं रजिस्टर वाचत होती. आपल्या घराण्याचा इतिहास वाचून तिला भरून आलं असेल असं समजून मी पाण्याचा पेला वर दिला, तर ती पानं मोजत होती. रोज सकाळी सहा वाजता, पंपघरामागची विहीर, कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडून घेतलेलं माप, पुढे आभाळ कसं आहे ते, मग शेरा आणि शेवटी 'स्व. पा.' हे स्व. पा. काय असं तिने विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं, स्वतः पाहिलं. आमचा दादा पाहिल्याशिवाय लिहीत नसे.

आणि शेरे तरी काय एकेक. 'टेपला गाठ पडली, सोडवली.' 'मांजर पडलं होतं, काढलं. मांजर माझ्यावरच रागावलं.' पण एका पानावर सूनबाई खरंच थांबली. 'धाकट्याचं लग्न. पाणी अठरा फूट दोन इंच. स्व. पा.' म्हणजे माझ्या लग्नाच्या दिवशी, नवे कपडे घालून, तू सहा वाजता विहिरीवर गेला होतास! आम्ही सगळे तुला शोधत होतो आणि तू हरवलास म्हणून आत्याने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. इतक्या वर्षांनी ते कोडं सुटलं.

सूनबाई एका संशोधन संस्थेत आकड्यांचे साठे लोकांसाठी खुले करण्याचं काम करते हे तुला माहीत आहे. (मला माहीत नव्हतं. ती 'काँप्युटरवर' असते एवढंच मी आठ वर्षं लोकांना सांगत आलोय.) तिने जाहीर केलं की मोठ्या बाबांची विहीर प्रसिद्ध करायची. मी लगेच कामाला लागलो. छापखानेवाल्याकडे जाऊन कापडी बांधणीचा दर विचारला, मुखपृष्ठासाठी तुझा कोटातला फोटो काढून पुसून ठेवला, आणि प्रस्तावना लिहायला घेतली. प्रस्तावनेची चार पानं झाली होती (पहिली तीन माझ्या बालपणावर), तेव्हा कळलं की पुस्तक वगैरे नाही, एक फाइल करायची आहे. फाइल वेबसाइटवर जाणार, ती कुणीही उतरवून घ्यावी, आपल्या कामाला वापरावी, कुणाला विचारायची गरज नाही. मी विचारलं, मग फोटो कुठे जाणार? ती म्हणाली, बाबा, आकडेच फोटो आहेत. मला ते काही पटलं नाही, पण फोटो पुसून झालाच होता म्हणून भिंतीवर लावला.

मग सुरू झालं टायपिंग. ती पानांचे फोटो घेई, मी तक्त्यात आकडे भरी, ती तपासे. तू आजारी होतास किंवा बाहेरगावी होतास त्या दिवसांच्या जागा रजिस्टरात कोऱ्या आहेत. मला कोरी जागा पाहवत नाही, म्हणून मी तिथे नीटनेटकं शून्य भरलं. दोनशेच्या वर शून्यं भरली आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो. संध्याकाळी सूनबाईने आलेख काढला आणि बघतच राहिली. अरे, तू कठड्यापासून खाली मोजत होतास ना? म्हणजे शून्य म्हणजे पाणी थेट कठड्याला! माझ्या तक्त्याप्रमाणे तू सुट्टी घेतलीस की विहीर काठोकाठ भरे, आणि तू परत कामावर आलास की वीस फूट खाली पळे. ती हसली नाही, हे तिचे उपकार. शांतपणे शेजारी बसून तिने समजावलं की न मोजलेला दिवस कोराच ठेवायचा. तिथे शून्य नाही, अंदाज नाही, मनचं तर काहीच नाही. पुढचा माणूस आपल्याला ओळखत नसतो, तो फक्त आकड्यावर विश्वास ठेवतो. मी मान डोलावली, आणि का कोण जाणे, माझा चहा गार झाला तरी तसाच राहिला.

त्या पोरीचा चिवटपणा पाहून मी थक्क झालोय, दादा. पहिली वर्षं फुटात, पुढची मीटरमध्ये, तिने सगळी एका मापात आणली आणि मूळचा आकडाही शेजारी ठेवला. अकराव्या वर्षी टेप विहिरीत पडली आणि नवी येईपर्यंत सात आठवडे तू दोरी सोडून ती हातांनी मोजलीस, आठवतं? 'पाणी चौदा हात.' आता तुझा हात म्हणजे किती? मी लगेच माझा हात पुढे केला, एकाच आईबापांची लेकरं आपण, कोपरापासून बोटापर्यंत पंचेचाळीस सेंटीमीटर भरला. सूनबाई म्हणाली, दुसऱ्याच्या हाताने मोजता येणार नाही, आणि गेल्या महिन्यात तिने तुला फोन लावला. (वहिनींनी शिवणाच्या टेपने तुझा हात मोजला आणि साडेसत्तेचाळीस निघाला हे ऐकून मी जरा खट्टू झालो. लहानपणी मारताना तो पोचायचा कसा, ते आता कळलं.) तिसऱ्या वर्षाच्या रजिस्टरात काही आकड्यांशेजारी पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. मी म्हटलं, माशा बसल्या असतील. तिने मात्र ठिपक्यांसाठीसुद्धा वेगळा रकाना केला.

आकड्यांच्या जोडीला तिने एक कागद लिहिलाय, त्याचं नाव 'आधी हे वाचा'. विहीर कुठे, कठडा किती उंच, कोण मोजत असे, कशाने, स्व. पा. म्हणजे काय, कुठल्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, सगळं त्यात आहे. मी सुचवलं की वर मोठ्या अक्षरात 'परवानगीशिवाय हात लावू नये' असं लिहावं. तिने लिहिलं, कुणीही वापरा, फक्त मोजणाऱ्याचं नाव सांगा. पंपघराच्या फाटकावर जन्मभर कुलूप घातलेल्या माणसाची विहीर तिने सगळ्या जगाला उघडी करून दिली, आणि आठ महिने खपून अशी दिली की परक्या माणसालाही एक प्रश्न विचारावा लागू नये. मला सून चांगली मिळाली हे मी तिच्या तोंडावर कधी बोललेलो नाही, म्हणून तुला लिहितो.

आता खरी गंमत ऐक. कच्ची आवृत्ती वेबसाइटवर टाकून महिना झाला नाही तोच कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठातल्या, जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं. इतकी वर्षं एका माणसाने हाताने घेतलेली रोजची नोंद तिने कधी पाहिली नव्हती म्हणे. तुझ्याबद्दल तिने असं काही लिहिलंय की मी ते शेजाऱ्यांना तीनदा वाचून दाखवलं. पुढे लिहिते की तिसऱ्या वर्षातले अठरा दिवस तर विलक्षण आहेत. पाणी रोज बरोबर एक इंच उतरतं, ना कमी ना जास्त, आणि एकोणिसाव्या दिवशी पाऊस नसताना एकदम दोन फूट दोन इंच वर येतं! खाली एखादा झरा उघडला असावा असं तिला वाटतं, आणि आपल्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण ती त्या झऱ्यावर लिहिते आहे. पक्की आवृत्ती येत्या शुक्रवारी निघणार आहे, तिची ती वाट पाहते आहे. हे सूनबाईने वाचून दाखवलं तेव्हा घरात सगळे टाळ्या वाजवत होते. मीही दोन वाजवल्या.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. डोळ्यांत थेंब घाल.

तुझा
धाकटा

ता. क. : झरा नाहीये, दादा. ते अठरा दिवस तुझ्या ऑपरेशनचे. तू दवाखान्यात, आणि माप घ्यायचं काम तू माझ्यावर सोपवलं होतंस. मी बावीस वर्षांचा होतो आणि सकाळी सहा ही वेळ असते यावर माझा विश्वास नव्हता. पहिल्या दिवशी चप्पल सापडली नाही, दुसऱ्या दिवशी शोधलीच नाही. अंथरुणात पडल्या पडल्या रोज एक इंच उतरवत गेलो आणि प्रत्येक ओळीपुढे ठसठशीत स्व. पा. लिहिलं. तू खाटेवरून रोज विचारायचास, पाणी कितीवर? आणि मी तोंड वर करून सांगायचो. तू नव्हतास म्हणून पंप अर्धाच वेळ चालत होता आणि पाणी वर येत होतं, हे मला कुठलं कळायला? आता माझ्या आळसावर एका पोरीचं प्रकरण उभं राहतंय आणि सूनबाईच्या आठ महिन्यांच्या कामाला खोट लागतेय. तिच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत होत नाही. म्हणून मागणं एवढंच (हो, मागायलाच आलो होतो): शुक्रवारच्या आत तू तिला फोन कर आणि त्या दिवसांत टेप बिघडली होती असं काहीतरी सांग. माझं नाव मध्ये आणू नकोस.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालून तिकिटासाठी सूनबाईकडे गेलो, तर ती 'आधी हे वाचा'चा शेवटचा खर्डा तपासत होती. म्हणाली, बाबा, एवढं जरा वाचता का? त्यात लिहिलंय: 'तिसऱ्या वर्षातले ठिपका असलेले अठरा आकडे मोजलेले नाहीत. पाण्याच्या रकान्यात ते दिवस कोरे ठेवले आहेत, मूळ आकडे शेजारच्या रकान्यात जसेच्या तसे आहेत. लिहिणारा: धाकटा भाऊ.' त्या दूरच्या मुलीलाही तिने हे परवाच कळवलंय, आणि मुलीने आभार मानून झरा बुजवलाय. मी खाली बसलो. हाताच्या मापासाठी फोन केला तेव्हाच तिने तुला ठिपक्यांचं विचारलं होतं म्हणे. तू म्हणालास, दवाखान्यातून आलो त्याच दिवशी टेप सोडल्यावर कळलं. पोरगं विहिरीपर्यंत पोचलं नव्हतं, पण रोज माझ्यापर्यंत यायचं, आकडा सांगून तासभर खाटेशी बसायचं. म्हणून खोडलं नाही, नुसता ठिपका दिला.

शेहेचाळीस वर्षं, दादा. एका शब्दाने बोलला नाहीस. आता तू कुणाला फोन करू नकोस.

ता. क. तिसरा : पंपघराची किल्ली रखवालदाराकडून घेतली आहे. चप्पल आदल्या दिवशीच दाराशी काढून ठेवली होती. आज सकाळी सहा वाजता, आभाळ निरभ्र, कठड्यापासून पाणी सहा मीटर चाळीस सेंटीमीटर. स्व. पा.