आता हात बदल

बँगोर, ७ नोव्हेंबर १९५१

चि. ओदील हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शाळेतली नवी नर्स म्हणते, तुझ्या लेकीला, जोझेतला, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. अगं, दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेतून नर्स म्हणून निवृत्त होताना मीच वर्गातल्या सगळ्यांचे डोळे तपासले होते. वीस फुटांवर खडूची रेघ, भिंतीवर इंग्रजी ई अक्षराचा तक्ता. एका हातानं डोळा झाकायचा, दुसऱ्या हातानं ईचे पाय कुठे वळलेत ते दाखवायचं. जोझेतची दोन्ही डोळ्यांना एकही चूक नाही, माझ्या वहीत लिहिलंय. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला छडीच्या धाकानं नेमकं लिहायला शिकवलं. त्या कालच्या पोरीला टोपी तरी सरळ घालता येते का? तू मात्र आईसारखीच घाबरट. मेपलची साखर पाठवते आहे.

माझ्यावरचा लोभ त्या नर्सपायी कमी करू नकोस.

सेलानीर आत्या

लुइस्टन, १४ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावू नकोस. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मी जोझेतचा उजवा डोळा रुमालानं बांधला. ती हसत चार पावलं चालली आणि अर्धवट उघड्या दारावर आदळली. मग आम्ही दोघीही हसलो नाही.

आत्याआजीसमोर सगळं बरोबर कसं सांगितलंस, असं तिला विचारलं, तर तिनं करून दाखवलं. डाव्या हातानं डावा डोळा झाकला. मग म्हणाली, आत्याआजी हात बदलायला सांगायची. तिनं हात बदलला. उजवा हात आला, तोही डाव्याच डोळ्यावर. आत्या, तिला वाटायचं सगळ्यांनाच एका डोळ्यानं दिसतं.

काल डॉक्टर म्हणाले, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला कामाला लावू. सातव्या वर्षी आणली असती तर खात्री दिली असती. ती आता नऊची आहे. मला फार भीती वाटते.

तुझी माया राहू दे.

ओदील

बँगोर, १६ नोव्हेंबर

चि. ओदील, आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देते.

आरशासमोर एक डोळा झाकून उभी राहिले आणि स्वतःलाच हुकूम सोडला, आता हात बदल. माझाही हात त्याच डोळ्यावर गेला. अकरा वर्षं मी वहीत मान घालून खुणा करत होते. कोणता डोळा झाकलाय ते बघायला वर पाहिलंच नाही. तीनशे बारा नावं आहेत. त्यांतली किती अशी असतील? वही त्या नर्सला धाडली आहे, माफीसकट.

शनिवारी, चोवीस तारखेला, बसनं येते. जोझेतला सांग, तिला सांगितलं तेच तिनं केलं, चुकले मी. डोळ्याबद्दल खरं ते कळव, साखर घालू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, तू ठरव.

सेलानीर

लुइस्टन, २० नोव्हेंबर

ती. आत्याआजीस सा. न.

आई सांगते, उजव्या डोळ्यावर पट्टी ठेवूनच लिही. ओळी कुठे जातात ते मला दिसत नाही. आज समोरची खिडकी दिसली. तिच्यात माणूस होता की पडदा, ते कळलं नाही. शनिवारी बसमधून उतरलीस की हात हलव. कुठलाही चालेल.

जोझेत