अर्ध्यावर अडकलेलं शीड

महाड,
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

चि. मुरारी यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. भाजणी दळून आली आहे, पाऊस अजून निरोप घ्यायला तयार नाही आणि माझा गुडघा गेल्या वर्षीइतकाच वाईट आहे.

आता मुद्दा. रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. स्थळ, बाणकोटचा किल्ला ओलांडल्यावर खाडीचं तोंड. त्या वेळी तू तुझ्या लेकीच्या, पूजाच्या, सासूसासऱ्यांसमोर मला जे म्हणालास ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे नंतर 'असं म्हणालोच नव्हतो' नको. "ताई, तू विम्याचे कागद बघ. बोटीला हात लावू नकोस. तुझ्या झेंडूच्या माळेनं माझं शीड अडकवलं."

एकतीस वर्षं मी जहाजांच्या विम्याचे दावे तपासले, मुरारी. माल भिजला की कप्तान लाटेला दोष देतो, लाट कुठे दिसली नाही तर खलाशाला. झेंडूला दोष देणारा कप्तान मला पहिल्यांदाच भेटला, आणि तो माझा सख्खा भाऊ निघावा!

माळ मी दसऱ्याला बांधली. हत्यारांची पूजा आपल्या घरात नांगरापासून होत आली, तू बोट घेतलीस म्हणून बोटीची. डोलकाठीवर कुठे बांधायची तेही तूच दाखवलंस. "वर बांध, किनाऱ्यावरून दिसू दे." आणि दिवाळीपर्यंत दसऱ्याची माळ उतरवत नाहीत, हे तुला आईने सांगितलं नसेल तर मी सांगते.

तुझ्या या बोटीचं शीड खाली उतरत नाही, डोलकाठीच्या पोटात उभं गुंडाळलं जातं, याचं तुला केवढं कौतुक! विहीणबाईंना तू अर्धा तास समजावलंस. काठीला एक उभी फट, आत एक दांडा. दांडा फिरला की शीड फटीतून आत जातं. बटण दाबल्यासारखं सोपं, असं म्हणालास. तोपर्यंत वारा वाढला होता. शीड निम्मं आत गेलं आणि थांबलं. आतही जाईना, बाहेरही येईना. वारा त्या अर्ध्या शिडात भरून बोट वाळूच्या पट्ट्याकडे ढकलत होता. विहीणबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. तू हातातली, शिडाचं टोक बाहेरून ताणणारी दोरी टाकून डोलकाठीकडे धावलास आणि माझी माळ ओरबाडून समुद्रात फेकलीस.

आणि शीड सुटलं. तुझं तोंड काय उजळलं! "बघा, सांगितलं नव्हतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. व्याही तर मला म्हणाले, "असू द्या हो ताई, भक्तिभावानं केलंत तुम्ही." तो दिलासा मला अजून टोचतो आहे.

तू पुढे तोंड करून होतास, म्हणून मागे काय झालं ते तुला दिसलं नाही. तू दोरी धरताना माझ्याकडे दिलेलं सुकाणू मी व्याह्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते एसटीचं असल्यासारखं धरलं. तू टाकलेली दोरी मी उचलली. दांडा फिरवणाऱ्या तुझ्या खलाशाला, दत्तारामला, म्हटलं, हातभर बाहेर सोड, आता आत घे, परत सोड. बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवायला लावलं. शिडाखालची आडवी काठी जरा वर घेतली. दोरी मी ताणून धरली आणि इंच इंच सोडत गेले. एवढंच केलं.

पाचगणीला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सुट्टी लागली की आम्ही गाद्यांच्या वळकट्या बांधायचो. सैल बांधली की ती होल्डॉलमध्ये शिरायची नाही, सुरकुतीच्या जागी फुगायची. मग सिस्टर ती पायाने उलगडून टाकायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा. तुझं शीड म्हणजे उभी वळकटी आहे. आत जाताना बाहेरून कोणीतरी ते ताणून धरावं लागतं. ताण सुटला की सुरकुती, सुरकुती जाड झाली की फटीत अडकते. यात झेंडू कुठे आला?

पण 'मला वाटतं' असं लिहून मी कधी अहवाल दिला नाही. म्हणून मंगळवारी सकाळच्या गाडीने बाणकोटला गेले. होय, तुला न विचारता. बाजारातून नवी माळ घेतली, पहिलीपेक्षा जाड.

दत्ताराम बोट धुवत होता. मला बघून म्हणाला, "ताई, माळेचं काय नाय वो. त्या विहीणबायंची नजर लागली. नारळ फोडा, सुटंल."

मी म्हटलं, "नारळ नंतर. आधी शीड बाहेर काढ."

नांगर टाकलेला होता, वारा बेताचा. माळ जिथे होती तिथेच बांधली. शीड पूर्ण बाहेर काढलं, आत घेतलं. परत बाहेर, परत आत. माळ हलली, पाकळ्या गळल्या, शीड लोण्यासारखं गेलं. मग वरच्या टोकाची दोरी सैल करून पाहिली, घट्ट करून पाहिली. दांडा हाताने फिरवला, कुठे खरखर नाही. बॅटरी लावून फट बघितली, खालून नजर पोचेल तिथवर. त्यात पाकळी नाही, सुतळी नाही, काही नाही. दत्ताराम वैतागला. "ताई, आता ह्याला चहा पाजायचा राह्यला हाय."

मग मी त्याला दांडा फिरवायच्या विंचवर बसवलं आणि बाहेरची दोरी हातात घेऊन मुद्दाम वाईट सोडली. ताण, ढील, ताण, ढील, बारीक बारीक. शीड निम्म्यावर गेलं आणि थांबलं. रविवारी अडकलं होतं तिथेच, वीतभर इकडेतिकडे.

दत्ताराम ओरडला, "अशीच, अशीच! साहेबांची बी अशीच सुटत व्हती!" मग माझ्याकडे बघितलं आणि बादली उचलली. "मी काय बोललो नाय हां, ताई."

आम्ही शीड सोडवलं. आत घेऊन ठेवलं आहे, नीट. नंतर दोघांनी चहा घेतला आणि भाताच्या कापणीबद्दल बोललो. त्याच्या शेतात पाणी आहे अजून.

अहवालात शेवटी 'कारण' असा रकाना असतो. तिथे काय लिहावं हे मला मंगळवारपासून कळत नाही.

माळ तशीच, शीड तेच, वारा उलट रविवारपेक्षा कमी. बदलला तो दोरीवरचा हात.

हे वाचून तू पत्र फाडशील. फाडू नकोस, थांब. तू फार वेळ दोरी धरली होतीस, दमला होतास, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण दोरी हातात घ्यायच्या आधी तू विहीणबाईंना चहा दिलास, तो डाव्या हाताने. उजवा खिशात होता. दिवसभर खिशातच होता. आणि राखीच्या वेळी पाकिटावर माझं नाव लिहिलंस ते सुरुवातीला ठीक आणि पुढे बारीक, आणखी बारीक, शेवटचं अक्षर मुंगीएवढं. बोटीवरची नोंदवही छापल्यासारखी लिहिणारा माणूस तू. मला वाटलं, पेन संपत आलं असेल. आता सगळं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतोस किंवा अंगठा दाखवतोस.

अप्पांच्या हातात कपबशी वाजायची, आठवतं? आपण सगळे म्हणायचो, थंडी आहे. वैशाखात! त्यांना वाईट वाटू नये म्हणून आई कप अर्धाच भरायची. घरात कंपवात हा शब्द कोणी काढला नाही आणि जीपची किल्लीही कोणी काढून घेतली नाही. अप्पांची जीप गेली ते आंबेनळीच्या घाटातलं वळण आलं तरी मी अजून डोळे मिटून घेते.

भाऊबीज झाली की एकट्याने गोव्याला जाणार, असं तू व्याह्यांना सांगितलंस. एकट्याने! बाहेर वारा वाढला, शीड अर्ध्यावर अडकलं, तर तिथे माळ नसेल ओरबाडायला आणि मागे दोरी उचलायला ताईही नसेल.

मी तुझी बोट विकायला सांगत नाही. तुझा शत्रूही तसं सांगणार नाही, आणि या घडीला मी तुझ्या शत्रूहून फार लांब नाही. सांगते आहे ते एवढंच. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दिवाळीनंतरचा सोमवार, २७ तारीख. मी बरोबर येईन, गाडी दुसरा कोणी चालवेल. ते काय म्हणतील ते म्हणोत. त्यानंतर गोवा. दोरीवर मी, विंचवर दत्ताराम, सुकाणूवर तू. हुकूम सोडायला हात लागत नाही आणि तोंड तुझं ठणठणीत आहे, हे रविवारी सिद्ध झालं.

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र मी स्वतः पोलादपूरला येऊन तुझ्या फाटकातल्या पेटीत टाकते आहे. आत येणार नाही. अपमान झाला आहे, तो विसरलेले नाही. पूजाच्या सासूबाईंना झेंडू निर्दोष असल्याचं तुला कळवावं लागेल, ते वेगळं.

मला लेखी उत्तर हवं. गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळी दहाच्या आत. तोवर ताट वाढून ठेवीन, निरांजन लावणार नाही. अंगठा चालणार नाही, आवाज चालणार नाही, पूजाकडून टाइप करून घेतलेलं तर मुळीच नाही. कागदावर, शाईने, तुझ्या उजव्या हाताने लिहिलेलं हवं. दोन ओळी पुरेत.

अक्षर कितीही बारीक आलं तरी पाठव. माझ्याकडे भिंग आहे.

दहा वाजेपर्यंत तुझीच,
मैनाताई