जोडीने बद्रीनाथ

१२ एप्रिल ५८, शनिवार
शेजारच्या परबअण्णांकडे बद्रीनाथच्या यात्रेसाठी आमची दोघांची नावं घातली. मे महिन्यात निघायचं. सौ.चा दोन वर्षांपूर्वीचा नवस. आमचा सुरेश मोर्च्यात फाउंटनकडे गेला, गोळीबार झाल्याचं कळलं आणि पोराचा पत्ता नाही. तेव्हा ही बोलून बसली, सुखरूप आला तर जोडीने बद्रीनाथ. गावचा रामेश्वर घरातला होता, पण बाईने देव निवडला तो थेट बर्फातला. सुरेश दुसऱ्या दिवशी आला, चपला हरवून. नवस तेवढा राहिला.
ऋषिकेशपर्यंत रेल्वे, पुढे मोटार, मग पायी डोंगर. मला काळजी हिची. वाऱ्याने उडेल अशी अंगलट.

१६ एप्रिल
दुसऱ्या माळ्यावरच्या मास्तरीणबाई महिनाभर हिला स्वेटर शिकवतायत. माझा आधी झाला. घालून बघा म्हणाली. एप्रिलात! लालबागेत कुणी लोकर पाहिलेली नाही, सगळी चाळ दारात. घामोळं उठलं.
खोबरेलाचा डबा भरत होती. अण्णा म्हणाले, "वहिनी, थंय त्याचो दगड होतलो."
"मगे दगड घासूया डोक्याक."
डबा घेतलाच.

२० एप्रिल, रविवार
थंडीची सवय व्हावी म्हणून बर्फाची लादी आणली. मोरीत ठेवून आळीपाळीने अनवाणी उभे. मी स्वेटरसकट. वरून घाम, खाली पाय बधिर. ही हसून हसून भिंतीला टेकली. सुरेशच्या त्या प्रकारानंतर इतकी हसलेली पाहिली नव्हती. फार बरं वाटलं.
उरलेल्या बर्फाचं चाळभर कोकम सरबत. पाय न लागलेल्या बाजूचं, असं ही शपथेवर सांगते.

२७ एप्रिल, रविवार
कॅनव्हासचे बूट आले. पायाला बसावेत म्हणून ते घालून चाळीचे जिने चढायचे. नऊवारीखाली बूट, बायका तोंडाला पदर लावून बघतात. ही प्रत्येक माळ्यावर थांबते. "वायच बसूया." मग मीही बसतो. हिचं काही खरं नाही. अण्णांना तसं बोलूनही दाखवलं, वाटेत डोलीची सोय बघा म्हणून.

१ मे
आज पायरीवर जरा टेकलो होतो. गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटायचे म्हणून ही एकटीच पुढे गेली. मागोमाग निघालो. मी दुसऱ्या माळ्यावर कठडा धरून उभा, तर ही पापड उलटून खाली येतेय. हिचा श्वास जागच्या जागी. माझी छाती भात्यासारखी.
म्हणजे थांबत होती ती माझ्यासाठी. बाजारातही हिची चप्पल सारखी पायातून निघते ती...
विचारलं. "चपलेचो आंगठो सैल आसा," म्हणाली आणि आत गेली.
गिरणीत कार्डिंग खात्यात जन्म गेला. कापूस नाकातोंडात. खोकला खात्यात सगळ्यांनाच, त्याचं काय कौतुक करायचं?

३ मे
डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, डोंगर विसरा.
"आणि हिचं?"
"त्या जातील की धावत."
वाईट वाटलं. अगदी रडू येण्याइतकं. तू जा म्हणून हिला सांगितलं तर म्हणते, "मी एकटी नाय जावचंय. नवस जोडीन बोललेला आसा." माझा स्वेटर उसवायला घेतला. मी तो हातातून काढून घेतला.

७ मे
आज सुचलं.
गेल्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला आम्ही जोडपं म्हणून बसणार होतो. ही ऐन वेळी बायकांच्या मोर्च्याला गेली. भटजी म्हणाले, बायको नसेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी लावून बसा. बसलो. सगळी चाळ हसली.
म्हटलं, "तेव्हा तुझ्या जागी सुपारी बसली. आता माझ्या जागी सुपारी जाऊ दे."
"बायलांका असा नसता. पोथीत खंय आसा?"
"मोर्च्याला जाताना पोथी बघितली होतीस?"
हसली नाही. मीच देव्हाऱ्यातली सुपारी काढून हिच्या ट्रंकेवर ठेवली. दिवसभर तिथेच होती.

१० मे, शनिवार
उद्या संध्याकाळची गाडी. अण्णांचं बिऱ्हाड बांधून तयार. आमची ट्रंक अजून उघडी, सगळ्यात वर माझा स्वेटर. माझा कशाला, विचारलं तर त्याचीच घडी परत घालत बसली.
सुपारी ट्रंकेवर नव्हती. खाली वाकून शोधली. मग हिच्या पदराच्या टोकाला गाठ दिसली.
"जातेस ना?"
"हयसर तुमका भात कोण घालतलो?"
"सुरेश आहे की."
"त्येका स्टो पेटवूक येता?"
गाठ सोडली. सुपारी तळहातावर घेऊन बघत राहिली. परत बांधली, आधीपेक्षा घट्ट. गच्चीवरचे पापड काढायला उठली.
मी खाली बसून तिची पावलं ऐकत होतो. कुठल्याच माळ्यावर थांबली नाहीत.