सूर लागला म्हणूनच उठले

८ मे १९८६, गुरुवार

साहेबरावच्या हपिसातली डायरी कोरीच पडली होती, ती मी घेतली. चौथी शिकलेल्या बाईनं डायरी लिहू न्हाई असा काही कायदा न्हाई. साहेबराव म्हणजे माझा लेक. लातूर जिल्हा झाला आन् त्याची बदली मुरुडहून इथं कलेक्टर कचेरीत झाली, त्याच्यामागं मी. जिल्हा झाला तवा सगळे म्हणले आता घरोघर नळ येतील. नळ आले. पाणी यायचंय.

उद्यापासून शाळेच्या मैदानावर तीन दिवस शास्त्रीय संगीताचा उन्हाळी महोत्सव हाय. पत्रिकेत खाली छापलंय, मंडपात पिण्याच्या पाण्याची सोय केली आहे. म्हणजे गर्दी होणार. आमची नात पंचशीला तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाणार. पंधरा मिनिटं. तिचे गुरुजी बसवंतअप्पा उदगीरचे, त्यांनी मंडळाच्या लोकांच्या मागं लागून तेवढी मिळवली. पोरगी महिनाभर चिंच खाईना, थंड पिईना. थंड तरी कुठंय म्हणा.

आता या घरात गाण्यातलं कुणाला कळतं, तर मला. आमचे मालक नरसिंगराव पेटी वाजवायचे, त्यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला चाकूर, हदगाव कुठून कुठून बोलावणं. एखादी ओळ काळजाला लागली की माणूस उठायचा, स्टेजवर जाऊन नोट द्यायचा. मालक गाणं थांबवायचे, नोट वर धरायचे, देणाराचं नाव खणखणीत पुकारायचे, मग पुढची ओळ. नाव पुकारणं लई अवघड काम. ओळ चांगली गेली आन् कुणीच उठलं न्हाई, तर मालक त्या दिवशी जेवायचे न्हाईत.

निश्चय: तिन्ही दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणार. मधे उठणार न्हाई.

१० मे, सकाळी

पहिला दिवस फस्क्लास झाला. काय काय ठळक झालं ते लिहून ठेवते.

पुढं सोफे होते, बसले. छातीवर बिल्ला लावलेला एकजण आला, म्हणला आजी, ही जागा साहेब लोकांची हाय. मी म्हणले, माझा लेक साहेबाच्याच हपिसात हाय. तो म्हणला, तो आला तर त्यालाबी उठवीन. मग सतरंजीवर बसले. सतरंजी बरी, पाय पसरता येतात.

पहिलं गाणं बिनशब्दांचं होतं. तंबोरे टुंग टुंग, तबल्यावर बारकी हातोडी. लांबलं, पण गोड होतं. संपल्यावर टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या. इथल्या लोकांना अजून समज कमी. तेवढ्यात आमच्या गल्लीतली गुणाबाई मंडपाच्या कडेला येऊन हात हलवून राहिली, धुरपताबाई, टँकर आलाय. आता टँकर काय मी बोलावला न्हाई. घागरी भरून परत येणारच होते, पण लाईनीत एक बाई म्हणली, तुमच्या घरात गाणारी हाय म्हणून नंबर आधी का. मला तिथं बोलावं लागलं. बोलणं उरकून मंडपात गेले तर सतरंज्या झटकून राहिले होते.

मंडपातलं पाणी मातर गार होतं. तांब्या भरून आणला.

११ मे, दुपारी

काल मधे उठले न्हाई. निश्चय पूर्ण पाळला.

एक मोठे बुवा होते. डोळे मिटून गात होते, म्हणून मीबी मिटले. अशा गाण्याला तीच रीत असते. टाळ्या झाल्या तवा डोळे उघडले आन् सगळ्यात जोरात वाजवल्या. सून सिंधु शेजारी होती. ती म्हणली, आत्याबाई, मधे दोन बाया येऊन गेल्या. मी म्हणले, माहीत हाय मला, दुसरी बरी गायली. सिंधु म्हणली, दुसरीनं सतार वाजवली. हिला सगळ्यात चूक काढायची सवय हाय.

आज पंचशीलाचा दिवस. सकाळी जवळ येऊन बसली, माझ्या पदराशी खेळली आन् म्हणली, आजी, तू ये, पण मागं बस. मी गाताना काही बोलू नको. माझं ध्यान तुझ्याकडं जातं. मी म्हणले, एक शब्द बोलणार न्हाई. ती म्हणली, वचन दे. दिलं.

कमरेच्या पिशवीत नवी कोरी नोट ठेवली हाय. आजोबाच्या वतीनं. हे तिला सांगितलं न्हाई, खुश होईल एकदम.

१२ मे, सोमवार

वचन पाळलं. आधी तेच लिहिते. मागंच बसले होते.

पोरगी पांढऱ्या साडीत बसली. बसवंतअप्पा पेटीवर. हळूहळू सुरू केलं, ऊन उतरावं तसं. आधी आवाज कापत होता, मला कळलं. मग सुरात एका जागी गेली आन् तिथंच राहिली. आवाज थांबला न्हाई, हलला न्हाई. मालक असते तर पेटी सोडून रडले असते. मंडपात पानसुद्धा कुणी थुंकेना. आन् इतक्या लोकांत एकबी माणूस उठेना. मी वाट बघितली. मला लाज वाटली पोरीसाठी.

मग उठले. बोलले न्हाई. नुसती चालत गेले, स्टेजवर चढले, नोट पुढं धरली. तिनं घेतली न्हाई. माझ्याकडं बघत गात राहिली. बसवंतअप्पा मानेनं न्हाई न्हाई करून राहिले. मला वाटलं, पोरीला नाव पुकारायची सवय न्हाई, लाजतीय. म्हणून माईक जरा माझ्याकडं वळवला आन् मीच पुकारलं, कालकथित नरसिंगराव मुरुडकर गायन पार्टीतर्फे, नातीस, सप्रेम. हे बोलणं माईकमधलं, ते काय वचनात येत न्हाई.

लोक हसले. टाळ्याबी पडल्या, बऱ्याच. पंचशीलानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला न्हाई. पुन्हा उघडलं. मग हात जोडून उठून गेली. बिल्लेवाला म्हणला, वेळ संपली तशीबी.

तीन दिवसांत सगळ्यात जास्त टाळ्या याच वेळेला पडल्या. कुणालाबी विचारा.

१३ मे

साहेबराव जेवताना म्हणला, माय, तुला कुणी उठायला सांगितलं होतं. सिंधु म्हणली, आत्याबाई, तिथं तसं चालत न्हाई. मी म्हणले, मग तसं पत्रिकेत छापायला पाहिजे होतं. पाण्याचं छापलं ना.

पंचशीला काही म्हणली न्हाई. तेच अवघड हाय.

१४ मे

तंबोरा खोळीत घालून खाटंखाली सरकवलाय. रोज पहाटे टँकरच्या लाईनीत मला तिचा आवाज ऐकू यायचा, घागरी सरकवता सरकवता मी ऐकायचे. आज गुणाबाई म्हणली, तुमची कोकिळा बसली वाटतं. मी म्हणले, उन्हाळा हाय, घसा हाय.

धपाटे केले, तिला आवडतात. अर्धं खाल्लं. म्हणली, आजी, मी रागावले न्हाई. भांडली असती तर भांडले असते.

निश्चय: उद्या बसवंतअप्पांना भेटून सगळं निस्तरणार. माझं बोलणं कुणी टाळत न्हाई.

१५ मे, संध्याकाळी

गेले होते. अप्पांनी चहा दिला, पाणी अर्धा पेलाच, त्यांच्याकडंबी तीच बोंब. म्हणले, धुरपताबाई, तिचा सूर आत्ता कुठं लागत होता, आन् तुम्ही आलात.

मी म्हणले, अप्पा, सूर लागला म्हणूनच तर उठले.

ते पेटीचा भाता हलवत बसले. मग म्हणले, हे तिला सांगा. आन् या गाण्यात बक्षीस म्हणजे गप्प बसणं, तेवढं शिका. मी म्हणले, मला काय अवघड हाय. त्यांना द्यायला काढलेली नोट परत कमरेला खोचून आले.

पंचशीलाला सांगायचं ठरवलं होतं. ती कपडे वाळत घालत होती. मी म्हणले, ऊन लई हाय. ती म्हणली, हाव.

१७ मे

आज सांगणार होते. टँकर आला.

१८ मे, रविवार

सांगितलं. भाजी निवडता निवडता. म्हणले, सूर लागला म्हणून उठले गं, तुझा आजा असता तर माझ्याआधी पोचला असता. तिनं भाजीतून मान वर केली न्हाई. मला वाटलं, हेबी फसलं.

दुपारी सगळे पडले होते. खाटंखालून खोळ ओढल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. हलले न्हाई.

तीच जागा घेतली तिनं. कापत कापत गेली, मग पोचली, आन् राहिली. माझा हात कमरेच्या पिशवीकडं गेला. ओढून मांडीखाली दाबला. दुसराबी दाबला. वा म्हणावं वाटलं तर पदर तोंडात धरला. डोळ्यातून पाणी आलं ते येऊ दिलं, त्याला आवाज नसतो. मुंग्या आल्या, तरी हात काढले न्हाईत. आयुष्यात गाण्याला एवढं मोठं बक्षीस मी कुणाला दिलं न्हाई.

गाणं संपलं. आतून काही आवाज येईना. ती वाट बघून राहिली असावी.

मग हळूच म्हणली, आजी, झोपलीस का गं.