सावद्याचा फॉर्म

४ नोव्हें.
पुण्याची नोकरी पक्की. एक डिसेंबरला हजर व्हायचं. मामाला सांगितलं. त्याच्याच दुकानात वेबसाइटी करते, त्यानेच शिकवलं, त्यामुळे राजीनामा वगैरे भानगड नाही, नुसता त्याचा होकार. म्हणाला, "जा ना. सावद्याच्या सोसायटीचा फॉर्म तेवढा नानांनी पास केला की जा." केळी कापणीच्या नोंदणीचा फॉर्म; नाना तिथले चेअरमन. थोडे रकाने, एक बटण. किरकोळ काम.

१० नोव्हें.
कसलं किरकोळ. क्रोममध्ये सगळं एका रांगेत. फायरफॉक्समध्ये तारखेचा रकाना फुगतो नि बटणाला खाली ढकलतो. तो आवरला तर मामाच्या आयफोनवर, सफारीत, गाव आणि तालुका एकमेकांच्या अंगावर. सफारी सुधारलं, क्रोम बिघडलं. दिवसभर हेच. डोकं फिरलंय.

१३ नोव्हें.
तिन्हीकडे सारखं दिसायला लागलं एकदाचं. लिंक पाठवली. नानांचा सावद्याहून फोन : "बटन दिसतच नाही पोरी." त्यांच्याकडेही क्रोमच. मग?
मामा : "घाई करू नको, नीट कर." नीटच करतेय. हा मला मुद्दाम अडकवतोय असं वाटतं. आणि असं वाटल्याची लाजही वाटते.

१८ नोव्हें.
शेवटी सावद्याला गेले. नानांचा मॉनिटर अर्धा समोरच्या खुर्चीकडे वळवलेला, अक्षरं दीडशे टक्के मोठी केलेली. मी शंभरवर आणली, तर बटण दिसलं. नानांनी परत वाढवली.
"शेतकरी समोर बसतो. मी काय लिहून राह्यलो ते त्याले बी तिथून वाचता आलं पाहिजे. नाहीतर सही करत नाही तो."
आणि मी इतके दिवस ब्राउझरांना शिव्या घालतेय. घरी येऊन रकाने एकाखाली एक लावले. आता अक्षरं कितीही वाढवा, बटण खाली सरकतं पण गायब होत नाही.

२४ नोव्हें.
नानांनी पास केला. सगळ्या ब्राउझरांत ठीक, दीडशे टक्क्यांतही. "मग निघू?" असं मामाला विचारणार, तर तोच बोलला. नानांनी पारोळ्याच्या एका सोसायटीपाशी माझं नाव काढलंय. असाच फॉर्म, कापसाचा. मामा हो म्हणून बसलाय. "तुझ्याशिवाय कुणाला जमणार? संक्रांतीनंतर जा." मला विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. याचाच राग जास्त येतोय.

२६ नोव्हें.
पुण्याचा मेल : येताय ना, आज कळवा. आईला वाचून दाखवला. "मामानं तुले शिकवलं. त्याचं मन मोडू नको." मी बॅग भरली. अंघोळ करून आले तर आईने कपडे काढून कपाटात लावलेले, घड्या घालून, नेहमीच्या जागी. ती स्वयंपाकघरात, काही झालंच नाही असं. बॅग पलंगाखाली.
मेल लिहायला बसलेय. 'नमस्कार' एवढंच झालंय.