बाकावर कोणी बसेना

चि. छोटीस, डोंगरापलीकडून तुझ्या दादाचे आशीर्वाद.

पाढे लिहिताना तू पाटीवर पेन्सिल करकरवायचीस, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. माझी तब्येत उत्तम आहे, उगाच काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या दरीतल्या संग्रहालयात जुन्या शाळेची खोली मी सांभाळतो, हे तुला कळवलंच होतं. पण अगं, नुसता वैताग आलाय! पाहुणे चित्रं बघतात, हातमाग बघतात आणि माझ्या दारातूनच फोटो काढून पळतात. मी त्यांना बाकावर बसवून शाळेतली एखादी कविता म्हणायला सांगतो ना! व्यवस्थापक चिडून म्हणाला, "आजोबा, लोक सुट्टीवर येतात, परीक्षेला नाही. आज कोणी बसलं नाही, तर उद्यापासून इथे खेळण्यांचं दुकान." पाच वाजत आले, बाक रिकामेच आहेत.

थांब, दारात सहलीच्या बसचा ड्रायव्हर उभा आहे. हा तर कधी गाडीतून उतरत नाही! चपला काढत म्हणतोय, "मास्तर, मला एकच कविता येते, तीही अर्धी. बसू का?"

पत्र पुरे. वर्ग भरलाय.

तुझा दादा